पितळी गज

बंदुकांच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं दिसलं तशी नंदा घाईने रिक्षातून उतरली. दुपारचे दोन वाजत होते. तिचे वडील भिवा सकपाळ हयात होते तोवर गोखले नाक्याजवळचं हे शटर दिवसाउजेडी कधी खाली आलं नव्हतं. आप्पा जेवायचेसुद्धा काउंटरमागेच, डबा मांडीवर घेऊन, एक डोळा दारावर ठेवून. लष्करात पंचवीस वर्षं बंदुका दुरुस्त करून आलेला माणूस. शस्त्रागार उघडं टाकून कोणी जेवायला जात नाही, म्हणायचे.

ती वाकून आत शिरली. बहात्तराव्या वर्षी असं वाकणं सोपं राहिलं नव्हतं. भाट्याच्या पुलावर रिक्षात वारा लागून तिचं डोकं आधीच ठणकत होतं. काउंटरवर टाइप केलेला एक कागद पडला होता. एका बाजूला तिचा धाकटा भाऊ सुहास उभा होता, दुसऱ्या बाजूला त्याचा मुलगा अमरदीप. दोघेही कागदाकडे बघत होते.

"जय भीम, आत्या. बरं झालं आलीस," अमरदीप म्हणाला. "तूच सांग आता यांना. पाचच्या आत हा जबाब पोलीस ठाण्यात गेला पाहिजे, आणि हे पेनाला हात लावत नाहीत."

"आधी पाणी दे. मग ओरड काय ते."

पाणी पिऊन तिने चष्मा लावला आणि कागद वाचला. सदर रिव्हॉल्व्हर विक्रीपूर्वी मी स्वतःच्या हाताने तपासले होते. ते निर्दोष स्थितीत ग्राहकास दिले होते. त्यानंतर ते ग्राहकाच्या हातून पडल्याचे त्यांनी स्वतः मला सांगितले आहे. दोष त्यामुळे उत्पन्न झाला असावा. खाली सुहास भिवा सकपाळ, परवानाधारक शस्त्रविक्रेता, आणि सहीची रिकामी जागा.

ग्राहक म्हणजे हेदवीचे श्रीपती वझे. दिवाळीत त्यांनी इथून नवं रिव्हॉल्व्हर नेलं होतं. रविवारी रायफल क्लबच्या मैदानावर पहिल्यांदाच चालवलं, तर गोळी नळीत सरळ शिरलीच नाही. तिच्या शिशाची कपची उडून बाजूने बाहेर आली आणि शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीच्या, उल्काच्या, उजव्या डोळ्यात गेली. आज मंगळवार. उल्का इथेच शहरात, डोळ्यांच्या दवाखान्यात होती.

"पडलं होतं हे खरं का?" नंदाने विचारलं.

"खरं आहे," सुहास म्हणाला. "रविवारीच फोनवर म्हणाला मला. सुहास, तुझ्यापासून काय लपवू, गाडीतून उतरताना एकदा हातातून निसटलं होतं."

"मग सही करायला काय धाड भरलीय तुला?"

"रबराच्या चटईवर पडलं गो अक्का. पायाशी. तेवढ्याने काय होतंय?"

"ते तू ठरवू नको. तपासायला माणसं आहेत सरकारची." तिने कागद त्याच्याकडे सरकवला. "अमर बरोबर बोलतोय. आपला जो भाग आहे तो आपण चोख केला की नाही? केला. मग तेवढं लिहून दे आणि मोकळा हो."

सुहासने खाली मान घातली. त्याचं हे न बोलणं नंदाला लहानपणापासून ठाऊक होतं. शाळेत पाटी फोडून आला की असाच उभा राहायचा.

तिला या श्रीपतीचे वडील आठवले. एकाहत्तर साल, दुकान उघडून महिना झालेला. नंदा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. काउंटरमागे बसून ती हत्यारं पुसून ठेवायची. म्हातारे वझे आले, खांद्यावरची दुनळी उतरवली आणि दाराच्या पायरीवर ठेवली. हातात द्यायची नव्हती ना. आप्पा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "हातात द्या. जी वस्तू माझ्या हातात येत नाही, तिची हमी मी घेत नाही." म्हातारे वझे अर्धा तास उन्हात उभे राहिले. वानरांनी बाग उद्ध्वस्त करत आणली होती, आणि दुसरा कारागीर थेट कोल्हापूरला. शेवटी त्यांनी बंदूक उचलून आप्पांच्या हातात दिली. आठ दिवसांनी न्यायला आले तेव्हा आपणहून आत येऊन बाकावर बसले आणि नंदाने दिलेला चहा प्याले. पुढची पन्नास वर्षं वझ्यांच्या घरात दुसऱ्या दुकानातलं हत्यार गेलं नाही.

* * *

अमरदीपला हा सगळा इतिहास पाठ होता आणि आज त्याला त्याचा राग येत होता.

मुंबईची नोकरी सुटून तो चार वर्षांपूर्वी परत आला, तेव्हा दुकानात नुसती दुरुस्ती उरली होती. नव्या रिव्हॉल्व्हरची विक्री त्याने पुन्हा सुरू केली. पण माल बघून बाबांनी पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला होता. नळी किंचित डावीकडे कललेली. काडतुसांचं चक्र अंगठ्याखाली डुगडुगणारं. कडा अशा धारदार की चिंधी फाटावी. जुन्या हत्यारांना असायची तशी निळसर झिलई नाहीच, नुसता काळा रंग, तोही नखाने निघणारा. बाबांनी तीन नग परत पाठवले. दोन महिन्यांनी कारखान्याने तेच तीन परत धाडले, सोबत चिठ्ठी: दोष मर्यादेत आहे. तेच कशावरून? तर बाबांनी मुठीच्या आत सुईने केलेली खूण तशीच होती.

"सोडून द्या ना बाबा," तो तेव्हा म्हणाला होता. "कारखान्याचा शिक्का आहे त्यावर. आपण कोण नाही म्हणणारे?"

"कार्ड मी लिहून देतो, कारखाना नाही," बाबा म्हणाले होते.

आजोबांनी सुरू केलेली पद्धत होती ती. इथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रिव्हॉल्व्हरच्या चक्रातली, गोळ्या बसतात ती सहाही घरं पितळी गजाने तपासायची, आणि मग हाताने लिहिलेलं, सहीचं कार्ड द्यायचं: सहाही घरं सरळ. लांज्यापासून दापोलीपर्यंतची गिऱ्हाइकं त्या कार्डासाठी इथे येत. आणि आता तेच कार्ड पोलिसांच्या टेबलावर पडलं होतं.

"आत्या, तुला कळतंय ना," तो आवाज खाली आणून म्हणाला. "कारखान्याला कोणी हात लावणार नाही. वझ्यांनाही नाही. परवाना कोणाचा जाणार? उद्या बाजारात काय बोलतील? यांना कुठे असलं काम झेपायचं, असंच ना? आप्पांपासून हेच ऐकत आलोय आपण. पन्नास वर्षं त्यांची तोंडं बंद ठेवली. एका सहीसाठी उघडायची?"

नंदाने मान हलवली. "सुहास, कर बाबा सही."

सुहासने पेन उचललं. टोपण काढलं. तेवढ्यात शटर खडखडलं आणि तेजल आत आली.

* * *

सुहासची ही धाकटी मुलगी सकाळपासून दवाखान्यात होती. पॉलिटेक्निकमधून यंत्राचं शिक्षण घेऊन ती दुकानातच काम करायची. बाहेरगावी शिकताना उल्का आणि ती मुलींच्या वसतिगृहात दोन वर्षं एका खोलीत राहिलेल्या.

"कपची काढली," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "दिसेल की नाही ते पट्टी सोडल्यावर सांगतील. डॉक्टर म्हणाले, आशा धरा, पण फार नको." तिची नजर कागदावर गेली. तिने तो उचलून वाचला. "हे कोणी लिहिलं?"

"मी," अमरदीप म्हणाला.

"श्रीपतीकाका तिथे उपाशी बसलेत. माझ्या हातून पडलं, माझ्या हातून पडलं, एवढंच चाललंय त्यांचं. आणि तू तेच उचलून इथे लिहिलंस?"

"खरं आहे म्हणून लिहिलं."

"चटईवर पडून चक्राची रेषा बदलते? कुठे शिकलास हे?"

"तू शिकलीस ना? मग सांग कशाने बदलली."

"मुळातच वाकडी असेल." तेजलने काउंटरला वळसा घालून तिजोरी उघडली. "त्याच खेपेतलं एक शिल्लक आहे. तपासू या. चौघांच्या समोर."

"तेजू, राहू दे," सुहास म्हणाला. त्याच्या आवाजात काहीतरी होतं, पण त्या क्षणी कोणाचं लक्ष नव्हतं.

तिने रिव्हॉल्व्हर काढलं, चक्र उघडून सहाही घरं रिकामी असल्याचं सगळ्यांना दाखवलं आणि बंद केलं. खणातून गज घेतला. वीतभराहून थोडा लांब, आप्पांनी लष्करातल्या लेथवर स्वतः कातलेला. तिने घोडा मागे ओढला, नळीचं तोंड वर धरलं आणि गज आत सोडला. नळी आणि घर एका रेषेत असलं की गज आपल्याच वजनाने सरकत खाली जातो. जरा जरी फरक असला तर घराच्या काठावर टेकून थांबतो.

गज सरकत खाली गेला. दुसऱ्या घरात गेला. तिसऱ्या. सहाही.

"बघ," अमरदीपने श्वास सोडला. "बघितलंस? बाबांचा हात आहे तो. उगाच संशय घेत होतीस."

तेजलला पटेना. तिने डोळ्यांनीच नळी पाहिली होती. डाव्या बाजूला कललेली स्पष्ट दिसत होती. मग गज कसा गेला?

"दे इकडे," नंदाने हात पुढे केला.

गज हातात आला आणि तिला काउंटरमागचे दिवस आठवले. रोज संध्याकाळी खोबरेल लावून तो पुसायचं काम तिचं. सुहासच्या आधी गज चालवायला ती शिकली होती. परवाना मात्र सुहासच्या नावावर झाला आणि ती डी.एड. करून मास्तरीण झाली. त्याचं काही वाटून घ्यायचं नाही असं तिने ठरवलं होतं आणि आयुष्यभर वाटून घेतलं होतं. पुसून झालं की काउंटरच्या काचेवर तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोडायचा, हा तिचा खेळ. आप्पा रागवायचे नाहीत. म्हणायचे, बघ, कसा सरळ चालतो.

तिने काचेवर गज ठेवला आणि बोटाने ढकलला.

गज लोळत गेला आणि जाता जाता वळला. लांब जाऊन थांबला तेव्हा त्याचं एक टोक दुसऱ्याच्या बोटभर मागे राहिलं होतं.

तिने परत घेतला, परत सोडला. परत वळला.

"काच वर-खाली असेल," अमरदीप म्हणाला.

नंदाने गज पुन्हा उचलला. ती दोन बोटांच्या चिमटीत गज धरून एका टोकाकडून दुसरीकडे सरकवत होती. तेजलने आपल्या खणातलं जाडी मोजायचं व्हर्नियर काढून तिच्या हातातून गज घेतला. धरायचं टोक मोजलं, मग आत जाणारं. पुन्हा मोजलं. मग व्हर्नियर खाली ठेवलं.

"आतल्या बाजूला बारीक आहे," ती म्हणाली. "झिजून एवढा नाही होणार. घासलाय."

बाहेरून भाजीवाल्याची हाक आली आणि पुढे गेली.

"मी घासला," सुहास म्हणाला.

* * *

"आप्पांचा गज?" नंदाला वाटलं आपण ओरडलो. प्रत्यक्षात ती जेमतेम कुजबुजली होती.

सुहास बाकावर बसला. "एकदम नाही गो. ते तीन परत आले ना, त्यातलं एक केसासाठी अडत होतं. मला वाटलं, गजालाच कुठे चरा पडला असेल. पॉलिश पेपर फिरवला. गेला आत. मग पुढच्या खेपेतलं अडलं. पुन्हा थोडा फिरवला. दर वेळी वाटायचं, एवढ्याने काय होतंय."

"बाबा," अमरदीप म्हणाला. नुसतं तेवढंच.

"गिऱ्हाईक दोन-दोन वर्षं थांबलेलं असायचं. परवाना घेऊन, रोज फोन. आणि मी सांगायचं काय, माल वाकडा आला? पुढच्या खेपेत याहून वाकडा यायचा. आप्पांच्या वेळी दहात एखादं अडायचं. आता दहात एखादं सरळ."

"मी भांडलो तुमच्याशी!" अमरदीपचा आवाज चढला. "वर्षभर! सोडून द्या म्हणत होतो तेव्हा मला केवढं सुनावलंत. कार्ड मी लिहितो म्हणून. आणि हा कागद मी काय गंमत म्हणून लिहिला? तुमच्या हातून चूक होणार नाही, ही एकच गोष्ट मला ठाऊक होती. म्हणजे मग चूक वझ्यांची. दुसरं काही शक्यच नव्हतं!"

"तुझ्यासाठी केलं असं मी म्हणणार नाही. भीती माझीच होती."

"कसली भीती?"

"हीच. तू मघाशी बोललास ती."

अमरदीपने तोंड फिरवलं. तेजलने मात्र पुढे होऊन काउंटरवरचा कागद उलटा केला.

"बाबा, ऐका. वकिलांना फोन करू. हा कागद नको, ठीक. पण गजाचं कशाला लिहायचं? विक्रीपूर्वी तपासलं होतं, एवढंच लिहा. ते काही खोटं नाही."

"तेजू," नंदा म्हणाली, "मघाशी तूच..."

"मघाशी मला माहीत नव्हतं ना!" तेजल फणकारली. "सहासष्ट वर्षांचे आहेत ते. चौकशी लागली, अटक झाली तर? तू जाणारेस का बरोबर?"

नंदाने आपल्या भावाकडे पाहिलं. तिला त्याला फडाफड बोलायचं होतं. माझ्या हाती दिलं असतं तर हे झालं नसतं, हे वाक्य पन्नास वर्षं तिच्या जिभेवर तयार होतं. पण ते खरं होतं का? आलेला प्रत्येक नग परत पाठवून रिकाम्या दुकानात बसायची हिंमत तिला झाली असती का? तिला नक्की सांगता येईना. तिने ते वाक्य गिळलं आणि दुसरंच विचारलं.

"या गजाने पास केलेली किती गेली बाहेर?"

"आठ," सुहास म्हणाला. "श्रीपतीचं धरून."

तेजलने डोळे मिटले. आता तिलाही कळलं होतं. सात जणांच्या घरात ती हत्यारं होती, आणि सात जणांना वाटत होतं की ती तपासलेली आहेत.

सुहासने काउंटरशी येऊन तो उलटा ठेवलेला कागद आपल्याकडे ओढला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर हाताने लिहायला सुरुवात केली. पाच-सहा ओळी होत्या. कोणी वाकून वाचल्या नाहीत. सही करून त्याने घडी घातली.

"आधी ठाणं?" अमरदीपने गाडीची किल्ली उचलली. त्याचा आवाज अजून कडकच होता.

"आधी दवाखाना. त्याला हे पोलिसांकडून कळायला नको."

* * *

श्रीपती वझे दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, खोलीच्या बाहेर बाकड्यावर बसले होते. शेजारी न उघडलेला डबा. जिना चढून येणाऱ्या सुहासला बघून ते उठले आणि सुहासला बोलायला तोंड उघडू न देता त्याचा हात धरला.

"अरे, तू कशाला आलास एवढं चढून? तुझी काय चूक? माझ्याच हातून पडलं ते. तेव्हाच तुझ्याकडे परत आणायला हवं होतं. आळस केला."

मागे जिन्याच्या तोंडाशी अमरदीप उभा राहिला. सुहासला वाटलं, आता गप्प बसलो तर हा माणूस मरेपर्यंत स्वतःला दोष देत राहील. आणि माझ्याशी असाच प्रेमाने वागत राहील. तेच जास्त भयंकर होतं.

"श्रीपती, ते पडल्यामुळे नाही झालं. विकलं तेव्हाच वाकडं होतं. माझा तपासायचा गज मी घासून बारीक केला होता. वाकडा माल पास व्हावा म्हणून."

श्रीपतींना पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग कळलं. धरलेला हात त्यांनी हळूहळू सोडला.

"ती लांब उभी राहणार होती," ते म्हणाले. "बाबा, मी मागे थांबते, म्हणत होती. मी हसलो. म्हटलं, भितेस काय, सकपाळांनी तपासलंय." ते बाकड्यावर बसले. "मी बोलावलं तिला जवळ. मी."

सुहासने वाटेत जे जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एकही अक्षर त्याला आठवेना.

"आत या, सुहासकाका." खोलीचं दार उघडंच होतं. उल्का पलंगावर उशीला टेकून बसली होती. उजव्या डोळ्यावर जाड पट्टी. डावा डोळा त्याच्यावर रोखलेला. "मी ऐकलंय सगळं."

तो उंबऱ्यापर्यंत गेला. तिथेच थांबला.

"अशी किती विकलीत?"

"आणखी सात."

"कुठे कुठे?"

"लांज्याला दोन. चिपळूणला तीन. एक देवरुखला. एक केळशीला."

"त्यांना कळवलंत?"

"नाही. आधी तुमच्याकडे..."

"आमच्याकडे जे व्हायचं ते झालं," उल्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. शिणलेला होता आवाज. "माझ्याशी काय बोलायचं ते नंतर बोला. मी ऐकेन की नाही ते माहीत नाही. पण इथे उभे राहू नका. जा, फोन करा."

सुहास वळला. श्रीपतींनी मान वर केली नाही.

जिन्याच्या वळणावर त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून अमरदीपला दिला. "तू ठाण्यात नेऊन दे. साडेचार झाले."

अमरदीपने कागद उघडून तिथेच वाचला. वाचून झाल्यावर त्याने त्याची परत घडी केली, तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून हात दाबून धरला. "तिथे सांगतो, मागोमाग बाबा येताहेत," तो म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

केळशीचा माणूस रोज संध्याकाळी रिव्हॉल्व्हर कमरेला लावून बागेत फेरी मारायचा. सुहासने त्याचाच नंबर आधी लावला. फोन त्याच्या बायकोने उचलला.

"ते बागेत गेलेत हो. फोन घरीच विसरले. काय निरोप सांगू?"

"हत्यार बरोबर आहे त्यांच्या?"

"असेल की. वानरं आलीत म्हणून गेलेत. अगदीच ऐकली नाहीत तर एक हवेत उडवीन म्हणाले."

"वहिनी, धावत जा. चाप ओढू नका म्हणावं. आत्ताच्या आत्ता."

"अहो, पण झालंय काय?"

"फोन हातात घेऊन जा. मी ठेवत नाही."

पलीकडे दार आपटलं. मग वाळल्या पाल्यावरून पळणारी पावलं, बाईचा धापा टाकणारा श्वास, आणि तिची हाक, "अहो! अहो, थांबा!" सुहासने फोन कानाशी घट्ट धरला आणि तिथेच पायरीवर बसकण मारली. आवाजाची वाट बघत. पुन्हा हाक. पुन्हा पावलं. कुठेतरी वानरांचं खेकसणं. मग बराच वेळ काहीच नाही.

"बोला सकपाळ," शेवटी पुरुषाचा आवाज आला, हसरा, थोडा दमलेला. "ही एवढी घाबरलीय कशाला? काय झालं?"

"चक्र उघडून काडतुसं काढा आधी," सुहास म्हणाला. मग वरच्या मजल्यावर जो शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता तो निघाला. "माझ्या हातून मोठा गुन्हा झालाय. सांगतो. ऐका."